देशी नाव आणि परका मजकूर : 'इंडियावर्ल्ड'चा एक भाषिक विचार

राजेश जैन यांच्या कारकीर्दीची चर्चा बहुधा एका आकड्यापाशी येऊन थांबते. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने त्यांचा 'इंडियावर्ल्ड' हा संकेतस्थळसमूह ४९९ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. सत्यम इन्फोवेच्या समभागांची नोंदणी त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात झाली होती. मार्च २००० नंतर तो बाजार कोसळला, आणि हा व्यवहार दूरदृष्टीचा की केवळ सुदैवाचा, असा वाद सुरू झाला. तो अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी खुशाल करावा. भाषेच्या अभ्यासकास या कारकीर्दीत निराळाच प्रश्न दिसतो : ज्या उद्योगाने आपल्या स्थळांना देशी शब्दांची नावे दिली, त्याने त्या शब्दांच्या भाषांना कोणते स्थान दिले?

जैन हे मुंबईच्या आय.आय.टी.चे अभियंता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पुढील शिक्षण आणि अमेरिकेत काही काळ नोकरी करून ते १९९२ मध्ये परतले. आरंभीचे सॉफ्टवेअरचे उद्योग फसले. मार्च १९९५ मध्ये त्यांनी 'इंडियावर्ल्ड' सुरू केले, तेव्हा भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट उपलब्धच नव्हते. विदेश संचार निगमाने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. म्हणजे या स्थळाचा पहिला वाचक भारतात असणे शक्यच नव्हते. तो परदेशस्थ भारतीय होता, आणि मायदेशाची वार्ता त्याला इंग्रजीतून हवी होती. ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून पुढील दोषारोप अन्यायाचा ठरेल.

पुढे या समूहातून निघालेल्या स्थळांची नावे पाहावीत : 'समाचार', 'खेल', 'खोज', 'बावर्ची'. लघु, उच्चारसुलभ आणि परदेशी असलेल्या माणसास घरची आठवण करून देणारी. नामकरणाची ही जाण जैन यांची खरी प्रतिभा होय, आणि तिचे श्रेय त्यांना निःसंकोचपणे द्यावे लागते. परंतु नावाच्या आत इंग्रजीच होती. 'समाचार'मध्ये मुख्यतः इंग्रजी वृत्तपत्रांचे मथळे एकत्र येत. 'बावर्ची'तील पाककृतीही इंग्रजीतच सांगितलेल्या असत. देशी शब्द दारावरच्या तोरणासारखा होता. पाहुण्याचे स्वागत करावे, घरात शिरू नये, एवढेच त्याचे काम.

या नावांची कसोटी मुंबईपेक्षा जालन्यासारख्या जिल्ह्यात अधिक चांगली होते. कारण तेथे मराठी, दख्खनी उर्दू आणि व्यापारी पेठेतील हिंदी शेजारीशेजारी नांदतात. निजामी राजवटीचा वारसा असलेल्या या प्रदेशास 'बावर्ची' परका नाही, पण लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक 'आचारी'च करतो. 'समाचार' मराठी खरा. मात्र मराठी माणूस आजाऱ्याच्या समाचाराला जातो किंवा उद्धटाचा समाचार घेतो, वाचतो ती बातमी. 'खोज'च्या जागी मराठीत 'शोध' आहे. 'खेल' आणि 'खेळ' यांतील भेद तर रोमन लिपी दाखवूच शकत नाही. लिपीच्या या दारिद्र्यामुळे मराठी वाचकास तो शब्द आपलाही वाटू शकला, हा एक गमतीचा लाभ! एकूण, 'भारतीय' म्हणून निवडलेले शब्द हिंदी-उर्दूच्या कक्षेतलेच होते.

याच जालन्यात याच्या अगदी उलट प्रक्रियेचे उदाहरण सापडते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी' स्थापिली. नावातील पहिला शब्द सोडला तर बाकी सारे इंग्रजी. परंतु ग्राहक शेतकरी होता. त्या इंग्रजी नावाचा संक्षेप 'महिको' हा बियाणे घेणाऱ्याच्या तोंडी रुळला. 'हायब्रीड' या शब्दाचे भाग्य तर त्याहून मोठे. संकरित बियाण्यांच्या प्रसाराबरोबर तो मराठवाड्याच्या बोलीत विशेषणाचा नाम झाला, त्याचा अर्थ संकरित ज्वारी असा ठरला, 'हायब्रीडची भाकरी' रूढ झाली, आणि पुढे कस नसलेल्या माणसालाही 'हायब्रीड' म्हणू लागले. उसन्या शब्दाला विभक्ती लागली, लक्षणा फुटली. तो भाषेचा झाला. 'खोज' अथवा 'बावर्ची' या स्थळनामांभोवती असा कोणताही व्यवहार घडला नाही. त्यांच्या मागेपुढे येणारे वाक्य इंग्रजीच राहिले.

देवनागरीची तांत्रिक अडचण होती, हा बचाव अर्धाच ग्राह्य आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, तरी सामान्य संगणकावर तिचा आधार विंडोज २००० पर्यंत आला नव्हता, आणि संकेतस्थळाचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागे. परंतु अमेरिकेतूनच, तशाच दूरस्थ वाचकांसाठी, १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाले आणि त्याने मराठीतच व्यवहार केला. अडचण दोघांची एकच होती. मायबोलीच्या नावाआड व्यापारी मोल नव्हते, एवढाच फरक. तेव्हा 'इंडियावर्ल्ड'ची इंग्रजी लिपीने लादलेली नव्हती, ग्राहकाने ठरविलेली होती.

जैन यांचे पुढील कार्य, विशेषतः 'नेटकोअर' ही कंपनी, इतर व्यापारी संस्थांना ग्राहकांपर्यंत पोचविण्याचे आहे; भाषेच्या अंगाने त्यात विशेष सांगण्याजोगे नाही. स्थळनामांच्या बाबतीत मात्र परिस्थिती पालटली आहे. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या देवनागरी प्रत्ययासह नाव नोंदविता येते, आणि त्यात 'खेळ' हा शब्द ळकारासह लिहिता येतो. मराठी मजकूर असलेली असंख्य स्थळे अजूनही रोमन नावानेच नोंदलेली आहेत.