वन डाउन, वन अप

वन डाउन, वन अप : विख्यात अमेरिकन जॅझ-वादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) याच्या वाद्यचौकडीचे प्रत्यक्ष मैफलीतील वादन संगृहीत करणारी ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्कमधील ‘हाफ नोट’ या क्लबात २६ मार्च व ७ मे १९६५ रोजी झालेले हे वादन नभोवाणीवरून प्रक्षेपित झाले होते. त्याच्या अनधिकृत प्रती रसिकांत दीर्घकाळ प्रचलित होत्या. अधिकृत प्रकाशन मात्र ‘इंपल्स’ या कंपनीने २००५ मध्ये दोन तबकड्यांच्या संचरूपाने केले. कोल्ट्रेन (टेनर व सोप्रानो सॅक्सोफोन), मकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (डबल बास) व एल्व्हिन जोन्स (ड्रम) हे यातील वादक होत.

ए लव्ह सुप्रीम (मुद्रण डिसेंबर १९६४) ही चार विभागांची सुघटित रचना. तर असेन्शन (मुद्रण जून १९६५) हे अकरा वादकांचे, बंधमुक्त सामूहिक वादन. अवघ्या सहा-सात महिन्यांतील हे स्थित्यंतर केवळ त्या दोन ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास आकस्मिक वाटते. ते तसे नव्हते, ही गोष्ट प्रस्तुत ध्वनिमुद्रणामुळे स्पष्ट होते. शीर्षकरचनेचे वादन सुमारे २८ मिनिटांचे आहे. तीत एक छोटी स्वराकृती कोल्ट्रेन पुनःपुन्हा मोडतो, उलटवतो व नव्या स्थानांवरून मांडतो. क्रमाने टायनर व गॅरिसन थांबतात आणि सॅक्सोफोन व ड्रम यांचाच दीर्घ संवाद उरतो. स्वरसंवादाचा आधार सुटला, तरी जोन्सच्या गुंतागुंतीच्या लयीमुळे वादनाचा तोल ढळत नाही. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ही लोकप्रिय धून १९६० च्या मुद्रणात सुमारे १४ मिनिटांची होती. येथे ती २२ मिनिटांहून अधिक विस्तारते.

कोल्ट्रेनला भारतीय संगीताविषयी आस्था होती. १९६१ मध्ये त्याने ‘इंडिया’ ही रचना वाजविली आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून ‘रवि’ असे ठेवले. तथापि या विस्तारास रागविस्तार म्हणणे युक्त होणार नाही. रागाच्या मर्यादा सांभाळून गायक-वादक विस्तार करतो. येथे मर्यादा कोठवर ताणता येतात, हेच पारखले जाते.

ध्वनिमुद्रण सदोष आहे. निवेदकाचे बोलणे मधूनच वादनावर येते. शीर्षकरचना आरंभापासून ऐकू येत नाही आणि ‘ॲफ्रो ब्लू’ समाप्तीपूर्वीच विरून जाते. काही स्थळी पुनरावृत्तीही जाणवते. परंतु ही पुनरावृत्ती कल्पनादारिद्र्यातून आलेली नसून शोधाच्या प्रक्रियेचा भाग आहे, आणि ध्वनिमुद्रणशाळेतील निवडक, नेटक्या वादनात ती प्रक्रिया सहसा दिसत नाही. डिसेंबर १९६५ मध्ये टायनर व १९६६ च्या आरंभी जोन्स चौकडीतून बाहेर पडले. त्यामुळे चौघांच्या परस्परविश्वासाचा आणि तो विश्वास तुटेपर्यंत ताणणाऱ्या ओढीचाही हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.