किगाली दुरुस्तीचा पाठ : एक चिकित्सा

आंतरराष्ट्रीय करारांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचा रोख बहुधा एकाच प्रश्नावर असतो : या करारात कोणी काय मिळविले आणि कोणी काय गमावले? किगाली दुरुस्तीच्या बाबतीतही हेच घडले. १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे रवांडाच्या राजधानीत, रात्रभर चाललेल्या वाटाघाटींनंतर, माँट्रियल प्रोटोकॉलच्या सदस्यराष्ट्रांनी हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर क्रमाक्रमाने कमी करण्याचे मान्य केले. त्याबरोबर आपल्याकडे भारताच्या वाटाघाटी-कौशल्याची स्तुती आणि निंदा दोन्ही यथास्थित झाल्या. दस्तऐवज म्हणून त्या कराराची भाषा काय म्हणते, आणि काय म्हणायचे टाळते, याची चिकित्सा मात्र फारशी झालेली आढळत नाही. प्रस्तुत टिपणाचा हेतू तेवढाच आहे. साहित्यकृतीचे परीक्षण करताना आपण लेखकाच्या हेतूपेक्षा संहितेवर अधिक विश्वास ठेवतो. तोच न्याय कायद्याच्या संहितेलाही का लावू नये?

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात. थॉमस मिजली यांनी १९३० मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन वायू स्वतः हुंगून, त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. विषारी नसलेले आणि पेट न घेणारे प्रशीतक सापडले, याची ती ग्वाही होती. पुढे हीच स्थिरता दोष ठरली. न विघटता हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोचतात व तेथे ओझोनचा नाश करतात, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचा पुरावा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये माँट्रियल प्रोटोकॉल झाला. क्लोरोफ्लुरोकार्बनची जागा आधी हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बनने आणि मग हायड्रोफ्लुरोकार्बनने घेतली. या शेवटच्या वायूंत क्लोरीन नसल्यामुळे ते ओझोनला निरुपद्रवी आहेत, पण उष्णता धरून ठेवण्याची त्यांची शक्ती अफाट आहे. मोटारींत वापरला जाणारा एचएफसी-१३४ए हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापदायक धरला जातो. घरगुती वातानुकूलन यंत्रांतील आर-४१०ए हे मिश्रण २०८८ पट. एका रोगावरील औषधाने दुसरा रोग जडावा तसा हा प्रकार होता.

दुरुस्तीच्या रचनेतील पहिले वैशिष्ट्य म्हणजे ओझोनला न बाधणारे वायू तिने ओझोनच्या करारात आणून बसविले. तर्काच्या दृष्टीने ही विसंगती आहे आणि कित्येक राष्ट्रांनी, त्यांत भारतानेही, तिला दीर्घकाळ विरोध केला. मायक्रोनेशिया व मॉरिशस यांनी २००९ मध्ये हा प्रस्ताव आणला तेव्हापासून पुढील कित्येक बैठका याच वादात गेल्या. विरोधकांचे म्हणणे असे की, हवामानाचा विषय हवामान-कराराकडेच राहावा, कारण तेथे श्रीमंत राष्ट्रांची ऐतिहासिक जबाबदारी मान्य झालेली आहे. या आक्षेपाला दुरुस्तीने दिलेले उत्तर मोठे चतुर आहे : प्रस्तुत दुरुस्तीमुळे हे वायू हवामान-कराराच्या कक्षेतून वगळले जात नाहीत, असे तिने स्वतंत्र कलमाने सांगून टाकले. म्हणजे वायू दोन्ही घरचे राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही विसंगती क्षम्य, किंबहुना श्रेयस्कर आहे. हवामान-करार उत्सर्जनाला हात घालतो, आणि उत्सर्जन लक्षावधी नळ्यांतून व कोट्यवधी चुलींतून होत असते. माँट्रियल प्रोटोकॉल मोजक्या कारखान्यांच्या दारात उभा राहतो. त्याच्यापाशी बहुपक्षीय निधी आहे, परवान्यांची पद्धती आहे आणि करारात नसलेल्या राष्ट्रांशी व्यापार बंद करण्याची तरतूद आहे. या वायूंच्या बाबतीत ती बंदी २०३३ पासून लागू व्हावयाची आहे. आजवर १६० हून अधिक राष्ट्रांनी दुरुस्ती स्वीकारली, त्यामागे परोपकारबुद्धीइतकाच या बंदीचाही हात असावा.

परंतु कारखान्याच्या दारात उभे राहण्याची किंमतही आहे, आणि ती ‘उपभोग’ या एका शब्दात दडलेली आहे. प्रोटोकॉलच्या पहिल्या कलमात उपभोगाची व्याख्या आहे : उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. व्याख्येत वापरणारा कोठेच नाही. वायू यंत्रात भरला काय, कोठारात पडून राहिला काय किंवा हवेत सोडून दिला काय, हिशेब तोच. आपल्याकडे शीतकपाट थंड करीनासे झाले की लोक म्हणतात, ‘गॅस संपला’. मग दुरुस्तीवाला येतो आणि ‘गॅस भरून’ जातो. वस्तुतः प्रशीतक संपत नसतो. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो. यंत्र धड असेल तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो ‘संपला’ याचा अर्थ तो गळाला. लोकभाषेतील हा गैरसमज आणि करारातील ती काटेकोर व्याख्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे लक्षणीय आहे : गळतीचा उच्चार दोघीही करीत नाहीत. उष्णता मात्र गळतीनेच वाढते. हे वायू तापदायक आहेत हे १९७५ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बनच्या बाबतीत प्रथम दाखवून देणारे वीरभद्रन रामनाथन हे तरुणपणी सिकंदराबादेत प्रशीतनयंत्रांच्या कंपनीत नोकरीला होते आणि वायूची गळती हाच तेथे त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्या नोकरीतील प्रश्न करारात मात्र कलम होऊन उतरला नाही.

न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की, व्याख्येत गळतीविरुद्ध एक अप्रत्यक्ष प्रलोभन आहे. जुन्या यंत्रातून काढून शुद्ध करून पुन्हा वापरलेला वायू ‘उत्पादन’ म्हणून धरला जात नाही. म्हणजे जो देश वायू परत मिळवील त्याला आपल्या मर्यादेबाहेर तेवढा वापर करण्याची मुभा आहे. पण प्रलोभन आणि बंधन यांत अंतर आहे. जुने यंत्र भंगारात देताना त्याची नळी रस्त्यावर तोडणाऱ्याला या करारात कोठेही अटकाव नाही. प्रत्येक राष्ट्राने आपापल्या कायद्याने तो करावा, अशी अपेक्षा आहे इतकेच. जगभरच्या यंत्रांत साठलेला वायू, ज्याला या विषयातील जाणकार ‘पेढी’ म्हणतात, तो करारापुढे जणू अस्तित्वातच नाही.

व्याख्येचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन-२२ तयार होताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. त्याचा तापांक १४,८०० आहे. तो कोणी मुद्दाम विकण्यासाठी बनवीत नाही, म्हणून उपभोगाच्या हिशेबात तो नीट बसत नाही. दुरुस्तीने त्याच्यासाठी वेगळी तरतूद केली, पण ‘शक्य असेल तितपत’ नष्ट करावा, अशा सैल शब्दांत. या वायूचा पूर्वेतिहास ठाऊक असणाऱ्याला हा सैलपणा खटकल्यावाचून राहणार नाही. क्योटो कराराच्या यंत्रणेत हाच वायू जाळल्याबद्दल कारखान्यांना विक्रेय श्रेयपत्रे मिळत. जाळण्याचा खर्च इतका अल्प आणि श्रेयाची किंमत इतकी मोठी, की मूळ वायूपेक्षा त्याचे उच्छिष्ट अधिक किफायतशीर ठरू लागले, असा आरोप झाला. युरोपीय संघाने २०१३ मध्ये आपल्या बाजारात ही श्रेयपत्रे बंद केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, किगालीची बैठक चालू असतानाच, भारत सरकारने देशातील उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने जाळण्याचा आदेश दिला. हे पाऊल स्तुत्य होते, आणि कराराच्या मजकुरापेक्षा ते अधिक ठाम होते हेही नमूद केले पाहिजे. तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वातावरणीय मोजमापांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखविली. राष्ट्रांनी कळविलेल्या आकड्यांवरून एचएफसी-२३ चे जागतिक उत्सर्जन फार मोठ्या प्रमाणात घटावयास हवे होते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये ते तोवरच्या उच्चांकावर होते. कागद एक सांगतो आणि हवा दुसरे सांगते, अशा वेळी साक्ष कोणाची मानावयाची, याचे उत्तर करारात नाही.

आता वेळापत्रकाकडे वळू. पहिल्या पानावर नव्हे, आकड्यांच्या कोष्टकात कराराचा स्वभाव प्रकट होतो. प्रगत राष्ट्रांचा आधारभूत काळ २०११ ते २०१३ हा धरला असून २०३६ पर्यंत त्यांनी ८५ टक्के घट करावयाची आहे. विकसनशील राष्ट्रांचे दोन गट पाडले. चीनसह बहुसंख्य राष्ट्रे पहिल्या गटात आहेत. त्यांचा आधार २०२० ते २०२२, वापराची गोठवण २०२४ पासून आणि घट २०४५ पर्यंत ८० टक्के. भारत, पाकिस्तान, इराण, इराक व आखाती राष्ट्रे अशी दहा राष्ट्रे दुसऱ्या गटात आहेत : आधार २०२४ ते २०२६, गोठवण २०२८, घट २०४७ पर्यंत ८५ टक्के. भारताने २०१५ मध्ये मांडलेल्या स्वतःच्या प्रस्तावात गोठवणीसाठी २०३१ हे वर्ष सुचविले होते. तेव्हा हा मध्यममार्ग होय, असे म्हणता येईल.

परंतु आधारभूत वर्षे भविष्यात ठेवणे म्हणजे काय? परीक्षेत मिळालेल्या गुणांवरून पुढील वर्षीचे ओझे ठरेल, असे विद्यार्थ्याला आधी सांगून ठेवले तर तो काय करील, हे अध्यापकांना सांगावयास नको. येथे तर ज्या वर्षांत वापर जितका अधिक तितकी पुढची मर्यादा अधिक सैल. शिवाय आधाररेषेत हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बनच्या आधारभूत मात्रेचा ६५ टक्के अंश वरून मिळविला जातो. समजा, एखाद्या राष्ट्राचा या वायूंचा सरासरी वापर १०० मात्रा आहे आणि त्या जुन्या वायूचा आधारही १०० मात्रा आहे. त्याची आधाररेषा १६५ झाली. ‘गोठवण’ म्हणून जी आहे ती प्रत्यक्ष वापरापेक्षा ६५ मात्रा वर असलेली रेषा ठरते. जुने वायू सोडून नव्यांकडे येणाऱ्या उद्योगाला जागा हवी, हे यामागचे कारण समर्थनीय आहे. पण मग त्या शब्दाला ‘गोठवण’ म्हणू नये.

याहूनही चिंताजनक बाब दुसऱ्या गटाच्या पायऱ्यांत आहे. २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये एकदम ८५. म्हणजे आरंभीच्या तीन टप्प्यांत मिळून ३० टक्के आणि अखेरच्या पाच वर्षांत ५५ टक्के. याला जिना म्हणता येणार नाही; हा सज्जनगडाच्या पायऱ्या चढून जाताच अकस्मात कड्याच्या टोकाशी येण्याचा प्रकार आहे. पहिल्या गटाच्या १०, ३०, ५० व ८० या पायऱ्यांशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. आपल्या वाटाघाटकारांनी उशीर मिळविला, आणि उशिराची भरपाई शेवटच्या उडीत करून दिली. २०३७-३८ मध्ये विकले गेलेले वातानुकूलन यंत्र दहा वर्षे सहज चालेल. ते २०४७ मध्ये दुरुस्तीला आले असता त्यात भरावयाचा वायू दुर्मिळ व महाग झालेला असेल. तेव्हा हा कडा कारखानदाराच्या नव्हे, यंत्र दुरुस्त करून पोट भरणाऱ्याच्या आणि जुने यंत्र घेणाऱ्याच्या वाट्याला येईल. भारताने २७ सप्टेंबर २०२१ रोजी दुरुस्तीस मान्यता दिली. त्यापूर्वी मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय शीतन कृती आराखडा प्रसिद्ध झाला होता आणि त्यात दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या प्रशिक्षणाला जे स्थान आहे ते योग्यच आहे. पण कड्याची उंची प्रशिक्षणाने कमी होत नाही.

उष्ण प्रदेशांसाठी असलेल्या सवलतीचा उल्लेख येथेच केला पाहिजे, कारण तेथे सरासरी या संकल्पनेची मोठी गंमत दिसते. पाच सलग वर्षांत, वर्षातून किमान दोन महिने, महिन्याचे कमाल तापमान सरासरीने ३५ अंश सेल्सियसच्या वर राहणाऱ्या राष्ट्रांना काही यंत्रांपुरती चार वर्षांची सूट आहे. यादीत चौतीस राष्ट्रे आहेत; पाकिस्तान आहे, भारत नाही. सरासरी देशाच्या संपूर्ण क्षेत्रफळावर काढावयाची असल्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्याची लडाखच्या मे महिन्याशी बेरीज होते. विदर्भातील वाचकास ही बेरीज पटणे कठीण आहे.

अखेरचा मुद्दा तापांकांचा. दुरुस्तीने सर्व वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोजले आणि ही तुलना शंभर वर्षांच्या काळावर बेतलेली आहे. एचएफसी-३२ हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने ६७५ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने २,३०० पटींहूनही अधिक तापदायक ठरतो, कारण त्याचे वातावरणातील आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे आहे. आज आर-४१०ए च्या जागी तोच ‘हरित’ म्हणून सर्वत्र विकला जात आहे. शतकाअखेरीस ०.३ ते ०.५ अंश उष्णता टाळण्याचे जे श्रेय या दुरुस्तीला दिले जाते ते निराधार नाही. पण तोवरच्या दशकांत कोणता वायू निवडावा, याचे मार्गदर्शन हे कोष्टक करीत नाही. ज्याचा तापांक एक आकडी आहे अशा प्रोपेनवर चालणारी खोली-वातानुकूलन यंत्रे गोदरेजने २०१२ पासून या देशात विकली आहेत. प्रोपेन ज्वालाग्राही आहे हे खरे, आणि मिजलींनी मेणबत्ती विझवून दाखविली ती नेमकी ही भीती घालविण्यासाठी. त्या एका फुंकरीपासून निघालेला रस्ता नव्वद वर्षांनी पुन्हा ज्वालाग्राही वायूंपाशी येऊन पोचला आहे. हे वळण करारात कोठेही नोंदलेले नाही, कारण करार मात्रा मोजतो, पदार्थ निवडत नाही. आणि निवड मोकळी ठेवणे हा त्याच्या कर्त्यांचा हेतुपुरस्सर निर्णय होता, हे मान्य केल्यानंतरही एवढी तक्रार शिल्लक राहतेच की, निवड करणाऱ्या कारखानदाराच्या हाती शंभर वर्षांची एकच पट्टी दिली गेली, वीस वर्षांची दिली गेली नाही.