गेलेल्याचं दुःख कुणाला?

‘तलवार’ (२०१५) हा चित्रपट नोएडात २००८ साली झालेल्या दुहेरी हत्याकांडावर बेतलेला आहे. दिग्दर्शन मेघना गुलजार यांचं, लेखन विशाल भारद्वाज यांचं. विनोदी सिनेमा म्हणून कुणी तो पाहायला जात नाही. पण शेवटाकडे तपास यंत्रणेच्या दोन गटांची बैठक होते. अधिकारी एकमेकांच्या तर्कांची खिल्ली उडवतात आणि आपणही हसतो. हसता हसता आठवतं, की एक मुलगी मारली गेली आहे आणि तिच्या आईवडिलांचं पुढे काय होणार हे याच टेबलावर ठरतं आहे. हिंदी सिनेमातला काळा विनोद मला इतका खरा क्वचितच वाटला.

त्याच दिल्ली परिसराचा ‘डेल्ही बेली’ (२०११) मराठी माणसाने दिग्दर्शित केला: रमेश आणि सीमा देव यांचे चिरंजीव अभिनय देव यांनी. अक्षत वर्मा यांची पटकथा घट्ट विणलेली आहे. हिऱ्यांचं पुडकं आणि शौचाचा नमुना यांची अदलाबदल होते आणि तिथून सगळा गोंधळ माजतो. हॉटेलच्या खोलीत गोळीबार होतो, माणसं पटापट मरतात, आणि नायक वाचतात ते निव्वळ योगायोगाने. जगाला काही अर्थ नाही, एवढंच चित्रपट सांगतो. मी पोट धरून हसलो, हे खरं. पण मेलेल्यांपैकी एकाचंही नाव घरी आल्यावर आठवेना. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही, त्याच्या शून्यवादाने आपल्याला का हादरावं? देव यांचाच ‘ब्लॅकमेल’ (२०१८) या बाबतीत पुढे गेला, कारण इरफान खानच्या चेहऱ्यावर विटलेल्या संसाराचा खरा थकवा दिसतो.

मराठीत हे रसायन फार आधी जमलं होतं, तेही रंगभूमीवर. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनकार होऊन बोलतो आणि जुन्या स्मशानातच जाळण्याचा हट्ट धरतो. प्रेतावरून शेजाऱ्यांची धांदल उडते आणि प्रेक्षक हसत राहतो. पण त्या चाळीतल्या घरात बायको मागे उरली आहे, मुलगा मागे उरला आहे. त्यांचं पोरकेपण आळेकर एक क्षणही नजरेआड होऊ देत नाहीत. मरणाची टर उडवायला कीर्तनासारखा भक्तीचा घाट वापरणं ही आजही थक्क करणारी हिंमत आहे.

मराठी सिनेमा मात्र या वाटेला फारसा गेला नाही. म्हणून परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पत्नीचा मृत्यू आत्महत्या भासावा असा बेत नवरा आणि त्याची प्रेयसी आखतात आणि पुढे प्रत्येक पाऊल चुकत जातं. मोकाशींचा वेग आणि प्रसंगांची गुंफण पक्क्या कारागिराची आहे. तक्रार एकच आहे. अनिता दाते यांनी त्या पत्नीचं नैराश्य इतक्या जिवंतपणे उभं केलं आहे की तिच्याबद्दल आणखी जाणून घ्यावंसं वाटतं, पण पटकथेला तिच्यापेक्षा तिच्या मृतदेहाची गरज जास्त आहे.