प्रत्येक मॉस फ्युनारिया नसते

शालेय पाठ्यपुस्तकांत ब्रायोफायटा विभागाच्या वाट्याला फारच थोडी जागा येते. ‘वनस्पतिसृष्टीतील उभयचर’ हे बिरुद, पाठ करण्याजोगी तीन-चार नावे आणि फ्युनारियाची आकृती, एवढ्यावर विषय आटोपतो. जागा कमी मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच आकृतीबद्दल.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिका ही जगभर आढळणारी, विशेषतः जळलेल्या जमिनीवर उगवणारी मॉस. बाकदार दांडा आणि त्यावर पेरूसारखी, एका बाजूला कललेली बीजाणुधानी अशी तिची आकृती सुबक दिसते. पण पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाच्या विटांवर जी हिरवी लव चढते, तिच्यात पुष्कळदा हायोफिला असते. हिची बीजाणुधानी सरळ, उभी, नळीसारखी असते आणि तिच्या तोंडाशी फ्युनारियात दिसणारी दातांची झालर नसते. ऊन पडले की पानांच्या कडा आत वळतात. विद्यार्थी हा नमुना वर्गात आणतो, तो आकृतीशी जुळत नाही, आणि तरीही प्रयोगवहीत आकृती उमटते ती फ्युनारियाचीच! समोर दिसते ते सोडून छापलेले उतरवायचे, हा धडा मात्र पक्का होतो.

मराठी भाषाही येथे थोडी अडचण करते. डबक्यातला स्पायरोगायरा आणि भिंतीवरची मॉस, दोन्हींना आपण शेवाळच म्हणतो. तेव्हा नावापूर्वी लक्षणे शिकवावीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. मॉसची पाने बहुधा खोडाभोवती सर्व बाजूंनी असतात व त्यांत पुष्कळदा मध्यशिर दिसते. पर्णयुक्त लिव्हरवर्टची पाने दोन रांगांत चपटी मांडलेली असतात, खालच्या अंगाला कधी बारीक पानांची तिसरी रांग असते, आणि मध्यशीर नसते. आता घाटातल्या दरडीवरची फिसिडेन्स पाहा. पाने दोन रांगांत, अगदी पिसासारखी, म्हणून लिव्हरवर्ट म्हणावे, तर मध्यशिर स्पष्ट! ती मॉसच आहे. असा एक अपवाद हाताळला की एका लक्षणावर निकाल देऊ नये हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दगडफुलाची, म्हणजे लायकेनची, गत याहून वाईट. गोड्या मसाल्यामुळे ते घराघरांत पोचले आहे, पण पुस्तकात ते ‘सहजीवन’ या शब्दाचे उदाहरण म्हणून येते आणि जाते. ते फूल नाही, आणि बाजारातले बरेचसे दगडावरचेही नसते. झाडांच्या सालीवरून खरवडलेले असते. कवक आणि शैवाल यांची जोडी हे श्वेंडेनरने १८६०च्या दशकात मांडलेले चित्रही आता अपुरे आहे. काही लायकेनांच्या वरच्या थरात यीस्टही राहतात असे २०१६ मध्ये दिसून आले.

दुसऱ्या टोकाला डी. डी. अवस्थी यांची भारत-नेपाळातील मोठ्या लायकेनांची १९८८ची किल्ली आहे. तिचा मला आदर वाटतो. केवळ तोंडवळ्यावरून ती जातीचे नाव देत नाही. कॉस्टिक पोटॅश, ब्लीचिंग पावडर यांची द्रावणे टाकून रंग बदलतो का ते विचारते. पण ती तज्ज्ञांसाठी आहे, आणि तिच्यातील एका कसोटीसाठी लागणारे पॅराफेनिलीनडायअमीन विषारी असल्याने शाळेत आणूच नये. पाठ्यपुस्तकातली एक आकृती आणि ही किल्ली यांच्यामधली, शाळेच्या परिसरातल्या वीस-पंचवीस प्रजातींची मराठी पुस्तिका हवी आहे. प्रजातीपर्यंत पोचले तरी शाळेला पुरे.

तोवर किराणा दुकानातले दगडफूल भिजत घालून त्याचा रंग कसा पालटतो ते वर्गात पाहता येईल. झाडावरचे मात्र खरवडू नये. अनेक लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग एका तासात झाड साफ करू शकतो.