वेबपृष्ठांवरील मराठी शब्दभंग : एक चिकित्सा

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. हिंदीत 'उपन्यासकारों के लिए भी' हे चार सुटे शब्द असतात. मराठीत त्याच आशयाचा 'कादंबरीकारांसाठीसुद्धा' असा एकसंध शब्द होतो. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर, विशेषतः मोठ्या टंकातील शीर्षकात, असा शब्द चौकटीबाहेर जातो. त्यावर सीएसएसमधील 'वर्ड-ब्रेक : ब्रेक-ऑल' हा उपाय योजला जातो. तो सोपा आहे. परंतु मराठीच्या प्रकृतीला मानवणारा नाही.

या आज्ञेने ओळ भरेल तेथे शब्द तुटतो. लहान शब्दही त्यातून सुटत नाहीत. वरील शब्दाचे 'कादं' आणि 'बरीकारांसाठीसुद्धा' असे तुकडे पडले, तर वाचकाला क्षणभर 'बरी' हे विशेषणच दिसावे! जोडाक्षरांची अवस्था अधिक बिकट आहे. 'संस्कृती' हा शब्द 'संस्' आणि 'कृती' असा फुटण्याचा संभव असतो, कारण युनिकोडच्या अक्षरगणनेत हलन्तानंतर नवे अक्षर सुरू होत असे. देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम 2023 मधील 15.1 या आवृत्तीत आला. त्यास फारच विलंब झाला, असे म्हणावे लागते.

पोथ्यांमध्येही ओळ संपताच शब्द तुटे, मोडीत तर शब्दांमध्ये अंतरच नसे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु तेथे सारेच लेखन सलग असल्याने वाचक अर्थावरून शब्द वेगळे करी. आजचा वाचक शब्दांमधील रिकाम्या जागेवर विसंबतो. त्यामुळे तो दाखला येथे लागू पडत नाही.

'ओव्हरफ्लो-रॅप : ब्रेक-वर्ड' ही आज्ञा तुलनेने संयमी होय. शब्द पूर्ण ओळीतही मावत नसेल तेव्हाच ती त्याला हात लावते. मात्र योग्य सांधा तिलाही कळत नाही. 'हायफन्स : ऑटो' या सोयीसाठी पृष्ठाची भाषा 'एमआर' अशी घोषित असावी लागते आणि ब्राउझरजवळ मराठीचे शब्दभंगनियम असावे लागतात. तयार साच्यातून उचललेल्या पृष्ठावर भाषा इंग्रजीच नोंदलेली राहिली, तर ही सोय निष्फळ ठरते.

शब्दाची घडण जाणतो तो संपादक. 'कादंबरीकारां', 'साठी' आणि 'सुद्धा' यांच्या सांध्यांवर त्याने सॉफ्ट हायफन हे अदृश्य चिन्ह घातले, तर जागा अपुरी पडेल तेव्हाच ते प्रकट होते. एरवी शब्द अखंड दिसतो. संपूर्ण मजकुरासाठी हे श्रम परवडणारे नाहीत हे खरे. शीर्षकापुरते मात्र ते टाळण्यास सबब नाही.