मूर्तीतील असुर : भाऊ रंगारी गणपतीचे माध्यम आणि आशय

प्रास्ताविक

पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाविषयी विपुल लेखन झाले असले, तरी त्यातील बहुतांश लेखन इतिहासपर आहे. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊ रंगारी यांच्या गणपतीची चर्चाही याला अपवाद नाही. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले, तेव्हा आद्य प्रवर्तक भाऊ रंगारी की लोकमान्य टिळक, हा वाद पुन्हा उफाळून आला. त्या वादात १८९२ सालची ही मूर्ती पुरावा म्हणून पुढे आली. कलाकृती म्हणून तिचा विचार मात्र मागेच राहिला. प्रस्तुत लेखात तिचे माध्यम आणि तिचा आशय यांच्या परस्परसंबंधाचा विचार करावयाचा आहे.

माध्यमाचा विचार

गणेश चतुर्थीच्या व्रतात पार्थिव मूर्तीला महत्त्व आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीतत्त्वापासून घडलेली. मातीतून आकार, आकारात प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजेनंतर विसर्जन आणि पुन्हा माती, असा हा क्रम होय. शाडूच्या मूर्तीचे रूपही या माध्यमाने ठरविले आहे. ओली माती जड असते, सुकताना ती आकुंचन पावते आणि शरीरापासून दूर गेलेला बारीक अवयव सहज मोडतो. म्हणून घरगुती मूर्ती प्रायः बैठी, आटोपशीर आणि स्थिर असते.

भाऊ रंगारी यांची मूर्ती लाकूड आणि भुसा यांपासून घडविलेली आहे. लाकूड ताण सहन करते. भुशामुळे वजन फारसे न वाढता आकारमान मिळते. दोन्ही भिन्न द्रव्यांना एकजीव करण्याचे कार्य रंगाचे लेपन करते. राक्षसाचे निर्दालन करणारा गणपती हा विषय पाहिला असता या मिश्र माध्यमाची निवड सोयीपुरती राहत नाही. झुंजीतील दोन देहांचा तोल, त्यांच्यातील आवेग आणि मिरवणुकीत लागणारा हलकेपणा हे सारे एकट्या मातीला पेलणे कठीण होते. शिवाय ही मूर्ती विसर्जित होत नाही. वर्षानुवर्षे तीच मूर्ती उत्सवात बसते.

आशयाचा विचार

गणेशाच्या असुरवधाच्या कथा मराठी वाचकास अपरिचित नाहीत. मोरगावचा मयूरेश्वर सिंधुदैत्याशी, ओझरचा विघ्नेश्वर विघ्नासुराशी जोडलेला आहे. मुद्गलपुराणात गणेशाचे आठ अवतार मत्सर, मद, मोह, लोभ, क्रोध, काम, ममता आणि अहंकार या विकारांच्या असुररूपांचा पाडाव करतात. तथापि अष्टविनायकांच्या मूर्ती पाहिल्यास असुर कोठेही दिसत नाही. तो क्षेत्राच्या कथेत आहे, मूर्तीत नाही. भाऊ रंगारी यांच्या मूर्तीने कथेतील हा असुर दर्शनाच्या कक्षेत आणला. महिषासुरमर्दिनी आणि नृसिंह यांच्या बाबतीत रूढ असलेली ही दृश्यरचना गणेशाच्या बाबतीत विरळा होती.

या राक्षसाचा अर्थ सामान्यतः परकीय राजवट असा लावला जातो. तो कालसुसंगत आहे. परंतु पुरेसा नाही. रूपकाचा अर्थ एवढाच असता, तर १९४७ नंतर मूर्ती केवळ स्मारक उरली असती. तसे झाले नाही, याचे कारण तिच्या माध्यमात शोधावे लागते. बंगालमधील दुर्गापूजेत बांबू, पेंढा व माती यांची महिषासुरासह घडविलेली प्रतिमा दरवर्षी पाण्यात विरते. वध पूर्ण होतो आणि पुढील वर्षी नव्याने आरंभ होतो. येथे विसर्जन नाही, म्हणून वधही संपत नाही. देव आणि असुर दोघेही त्याच लाकडा-भुशाचे आहेत आणि दोघांचेही जतन एकत्रच करावे लागते. विजयाच्या घोषणेपेक्षा चालू असलेल्या संघर्षाचे भान ही मूर्ती अधिक देते, असे म्हणता येईल.

अर्थात यात एक धोकाही आहे. या असुराला लोकव्यवहारात विशिष्ट नाव नाही. तो केवळ ‘राक्षस’ आहे. निनावी असुराच्या जागी प्रत्येक पिढी आपल्या सोयीचा शत्रू बसवू शकते. मुद्गलपुराणाचे स्मरण येथे उपयुक्त ठरते, कारण तेथील असुर परक्या समाजात नसून माणसाच्या अंतःकरणात आहेत. मूर्तीचे राजकीय वाचन करणाऱ्यांनी हा दुसरा अर्थ दृष्टीआड करू नये.

समारोप

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर मूर्तीच्या द्रव्याची चर्चा प्रामुख्याने पाण्याच्या प्रदूषणापुरती होते. ती आवश्यकच आहे. मात्र कोणते द्रव्य विरघळते, याबरोबरच कोणते द्रव्य कोणता अर्थ धारण करते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. लाकूड व भुसा यांना ओलावा आणि कीड यांचे भय असते. रंगाच्या प्रत्येक नव्या थराखाली मूळ रूपरेषा बुजण्याची शक्यता असते. म्हणून अशा मूर्तींचे शास्त्रशुद्ध दस्तऐवजीकरण हे इतिहास, रसायनशास्त्र, कला आणि मराठी या विभागांचे संयुक्त कार्य ठरावे. पुण्यातील महाविद्यालयांना हा अभ्यासविषय अक्षरशः दाराशी उपलब्ध आहे. मूर्ती कोणी प्रथम बसविली, या वादाइतकेच ती काय सांगते, हे समजून घेणेही महत्त्वाचे आहे.