अमेरिकेच्या आद्य कागदी चलनावरील चिन्हें व नक्षी

जुन्या कागदाचा अस्सलपणा ठरवितांना आपण शिक्का, मोर्तब, अक्षराचें वळण व कागदाची जात हीं सारींच पाहतों. एकट्या शिक्क्यावर विसंबत नाहीं. परदेशी नोटांचे संग्राहक मात्र चित्र दिसलें कीं अर्थ सांगूं लागतात. गरुड आला कीं ती अमेरिका, हें तर ठरलेलेंच. ही रीत किती फसवी आहे हें त्या देशाच्या पहिल्याच नोटांवरून दिसून येतें.

१७७५ सालीं इंग्लंडशीं युद्ध जुंपल्यावर फिलाडेल्फिया येथील काँग्रेसनें खर्चासाठीं कागदी डॉलर काढले. हॉल व सेलर्स या मुद्रकांनीं ते छापले; चिन्हांची निवड बेंजामिन फ्रँकलिन याजकडे दिली जाते. परंतु हीं चिन्हें नवीं नव्हत. त्यांपैकीं बरींचशीं न्यूरेंबर्गचा वैद्य योआखिम कामेरारिउस याच्या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या चिन्हसंग्रहांतून उचललेलीं आहेत. तीन डॉलरच्या नोटेवर गरुड व करकोचा यांचें युद्ध आहे व शेवट अनिश्चित असल्याचें लॅटिन वचन आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ पत्रांत जें विवरण छापलें गेलें त्यांत गरुड म्हणजे इंग्लंड व करकोचा म्हणजे अमेरिका, असें म्हटलें आहे! पुढें २० जून १७८२ रोजीं तोच पक्षी अमेरिकेच्या राजमुद्रेवर चढला. सात वर्षांत शत्रूचें चिन्ह स्वतःचें झालें. तारीख न पाहतां अर्थ सांगणाऱ्याची येथें फसगत व्हावयाचीच.

एक डॉलरच्या नोटेवर ओझ्याखालीं दबलेलें झाड असून, दबलें तरी पुन्हां उठतें, अशा आशयाचें वचन आहे. नोट मात्र दबली ती उठली नाहीं. १७७९ अखेर सुमारे २४ कोटि डॉलरांचा कागद निघाला होता. त्यांत शत्रूनें बनावट नोटांची भर घातली. मार्च १७८० मध्यें काँग्रेसनेंच चाळीस कागदी डॉलरांस एक रुप्याचा असा भाव मान्य केला, आणि १७९० च्या कायद्यानें शंभरास एक धरला. या नोटांवर स्पॅनिश रुप्याचे डॉलर देण्याचें वचन स्पष्ट छापलेलें आहे, हें विसरूं नये.

मागील बाजूच्या झाडाच्या पानांस कोणी समृद्धीचें प्रतीक समजतात. आमच्या मतें तें कुलूप आहे. खऱ्या पानाचा ठसा घेऊन त्यावरून धातूचा सांचा ओतण्याची फ्रँकलिनची युक्ति या युद्धापूर्वीं चार दशकांची. पानाच्या शिरा हातानें हुबेहूब कोरणें बनावट करणारास साधत नसे.

कोरीव काम म्हणून हे ठसे ओबडधोबडच. तरीहि १७७६ च्या, एका डॉलरहून कमी किमतीच्या नोटांवरील एकमेकांत गुंतलेलीं तेरा कडीं आम्हांस पुढील सर्व गुळगुळीत पोलादी कामाहून सरस वाटतात. कारण तेरा वसाहतींची ती गोष्ट त्याच दिवसांची व त्याच लोकांची होती. पुढें जेकब पर्किन्सचे पोलादी ठसे व एसा स्पेन्सरचें भूमितीय नक्षीचें यंत्र आलें. एशर ड्युरँडसारख्या कसबी कोरकाचें काम डोळे निववितें खरें, पण तयार चित्राचा ठसा दुसऱ्या पत्र्यावर उतरवितां येऊं लागल्यानें एकच धान्यदेवता अनेक पेढ्यांच्या नोटांवर बसली. तिच्यावरून अमुक पेढीचा हेतु काढणें व्यर्थ होय.

दक्षिणेकडील संस्थानांच्या नोटांवर मात्र चित्राची निवड बोलकी आहे. तेथें कापसाच्या टोपल्या वाहणारे काळे मजूर हंसतमुख दाखविले आहेत. संग्रहाच्या यादींत अशा नोटेपुढें नुसतें ‘शेतीचें दृश्य’ असें लिहून भागत नाहीं. ते मजूर गुलाम होते, आणि तिकडील कांहीं पेढ्या अशाच माणसांस तारण धरून कर्ज देत असत.